आत्मा वाढवता येतो का? क्षमतावर्धनाच्या काळातील ख्रिस्ती आत्मविचार

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे ख्रिस्ती परंपरेतील आत्म्याची कल्पना, आणि माणसाच्या क्षमता तंत्रज्ञानाने वाढवण्याचा आपला हा काळ. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. आम्ही इथे कोणत्याही धर्माची वकिली करायला उभे नाही, आणि कोणत्याही धर्माचा निकाल लावायलाही नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचं काम तसं साधं असतं. एक कल्पना घ्यायची, तिला नव्या परिस्थितीत उभी करायची, आणि ती कुठे टिकते, कुठे मोडते ते बघायचं. आज तेवढंच करू.

आता कुणी विचारेल, क्षमतावर्धन ही प्रयोगशाळेतली गोष्ट, तिथे ख्रिस्ती आत्मा कशाला? कारण असं, की माणसाने माणसापलीकडे जावं ही कल्पनाच मुळात त्या घरातली आहे. दान्तेने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वर्गलोकाचं महाकाव्य लिहिलं, त्याच्या पहिल्याच सर्गात त्याने एक नवं क्रियापद घडवलं, 'ट्रासुमानार', म्हणजे मानवी मर्यादा ओलांडणे. दान्तेच्या लेखी हे ओलांडणं ईश्वराच्या कृपेने होतं. पुढे १९५७ साली जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी 'ट्रान्सह्यूमॅनिझम' याच नावाचा निबंध प्रसिद्ध केला, आणि तिथे कृपेची जागा विज्ञानाने आणि नियोजनाने घेतली. या दोघांच्या मधे एक विलक्षण माणूस उभा आहे. निकोलाय फ्योदोरोव्ह, १८२९ ते १९०३, मॉस्कोतला एक ग्रंथपाल, श्रद्धेने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्याचं म्हणणं असं, की मेलेल्या सगळ्या पूर्वजांना विज्ञानाच्या साहाय्याने पुन्हा जिवंत करणं हे पुत्रांचं कर्तव्य आहे, आणि पृथ्वी अपुरी पडली तर त्यांना इतर ग्रहांवर वसवावं. हसू येतं ना? पण आज सिलिकॉन व्हॅलीत मृत्यूवर मात करण्याच्या ज्या योजना चालतात, त्या फ्योदोरोव्हपेक्षा फार वेगळ्या नाहीत. फरक एवढाच, की फ्योदोरोव्हला आपले वाडवडील परत हवे होते, आणि यांना स्वतःला जायचं नाही.

तेव्हा हा वाद दोन परक्यांमधला नाही, भाऊबंदकीतला आहे. आणि भाऊबंदकीत प्रश्न वाटणीचा असतो. 'आत्मा' कुणाच्या वाट्याला गेला?

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण मराठीत 'आत्मा' म्हटलं की आपल्या मनात लगेच उपनिषदं आणि गीता उभी राहते. न जन्मणारा, न मरणारा, शस्त्राने न तुटणारा. हा अर्थ बायबलच्या हिब्रू ग्रंथांत शोधायला गेलो तर हाती लागत नाही. तिथला शब्द आहे 'नेफेश'. त्याच्या मुळाशी गळा, श्वास, तहान-भूक असा अगदी देहाचा अर्थ आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस करतो, त्याच्या नाकात श्वास फुंकतो, आणि माणूस जिवंत नेफेश होतो. नीट लक्ष द्या. त्याला नेफेश मिळत नाही, तो नेफेश होतो. आपल्याकडचा 'जीव' हा शब्द याच्या जास्त जवळचा. 'जीव तुटतो', 'जीव लावला', 'जीव भांड्यात पडला' असं आपण म्हणतो, तेव्हा देहात बसलेल्या कुठल्या अमर पदार्थाबद्दल बोलत नसतो, अख्ख्या माणसाबद्दल बोलत असतो. मराठी भाषांतरकारांना म्हणूनच कुठे जीव, कुठे प्राण, कुठे आत्मा असं वेगवेगळं करावं लागलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेव्हा साध्या बाईमाणसाला कळेल आणि जुन्या दर्शनांचे अर्थ आत शिरणार नाहीत अशा शब्दांची निवड हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. भाषांतराची ही अडचण वरवरची नाही. आपला आजचा सगळा विषय तिच्यात आहे.

१९५५ साली ऑस्कर कुलमान या नव्या कराराच्या अभ्यासकाने हार्वर्डमध्ये एक व्याख्यान दिलं. प्रश्न होता, आत्म्याचं अमरत्व की मृतांचं पुनरुत्थान? त्यांनी दोन मृत्यू शेजारी ठेवले. सॉक्रेटिस शांतपणे विषाचा पेला घेतो, कारण त्याच्या दृष्टीने आत्मा देहाच्या तुरुंगातून सुटणार आहे. येशू मात्र गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, मरण टळावं म्हणून प्रार्थना करतो. कुलमान म्हणाले, सॉक्रेटिसला मृत्यू मित्र वाटतो, बायबलला तो शत्रू वाटतो. आणि ख्रिस्ती आशा अमर आत्म्यावर उभी नाही, ती देहासकट पुन्हा उठण्यावर उभी आहे. या व्याख्यानावर बऱ्याच श्रद्धावंतांचा रोष झाला. त्यांना वाटलं, आपला आधारच काढून घेतला. आमच्या मते कुलमान यांनी काढून घेतला तो आधार उसना होता, अथेन्सहून आणलेला.

आता ख्रिस्ती विचारात आत्म्याचे तीन नकाशे ठळक दिसतात. पहिला द्वैतवादी. प्लेटोपासून देकार्तपर्यंत, आणि आपल्या काळात ऑक्सफर्डच्या रिचर्ड स्विनबर्न यांच्यापर्यंत. आत्मा हे वेगळं द्रव्य, देह वेगळं द्रव्य, आणि 'मी' म्हणजे मुळात आत्मा. दुसरा तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसचा. त्याच्या मते आत्मा हा देहाचा आकार. आकार म्हणजे बाह्यरेखा नव्हे, तर ज्याच्यामुळे हे मांस आणि हाडं 'जिवंत माणूस' असतात ते संघटक तत्त्व. १३१२ साली व्हिएनच्या धर्मपरिषदेने असाच शब्दप्रयोग अधिकृत केला. मरणानंतर हा आत्मा उरतो असं थॉमस मानतो, पण करिंथकरांच्या पत्रावरच्या भाष्यात तो हेही सांगून टाकतो की नुसता आत्मा म्हणजे मी नव्हे. तिसरा नकाशा अलीकडचा, अमेरिकेतल्या फुलर सेमिनरीच्या नॅन्सी मर्फी यांचा. २००६ साली त्यांचं देह आणि आत्म्यावरचं छोटं, अतिशय स्वच्छ पुस्तक आलं. त्या म्हणतात, थॉमसने आत्म्याकडे सोपवलेली एकेक कामं, स्मरण, भावना, निर्णय, आता मेंदूविज्ञान अभ्यासतं. तेव्हा वेगळा आत्मा मानायची गरज उरली नाही. माणूस पूर्णपणे भौतिक आहे, पण त्याला नुसत्या कणांच्या हिशेबात बसवता येत नाही. ज्याला आपण आत्मिक म्हणतो ते म्हणजे या देहाच्या उंचावरच्या क्षमता: जाणीव, स्मृती, नैतिक चारित्र्य, माणसांशी आणि ईश्वराशी नातं.

हे तीन नकाशे आता तीन परीक्षांना बसवू.

पहिली परीक्षा नकलेची. समजा उद्या एखाद्या माणसाच्या मेंदूची संपूर्ण मांडणी संगणकात उतरवली. तो संगणक त्या माणसासारखं बोलतो, आठवणी सांगतो. तो तोच का? इथे एक गैरसमज फार ऐकू येतो, की असं 'अपलोड' होऊ पाहणारे लोक म्हणजे नवे देकार्तवादी. हे बरोबर नाही. देकार्तचा आत्मा उतरवून घेता येत नाही. स्विनबर्न स्वच्छ सांगतील, तुम्ही फार तर नक्कल केलीत, माणूस नाही नेलात. द्वैतवाद या परीक्षेत उत्तीर्ण होतो. अडचण येते ती मर्फींच्या नकाशाला. व्यक्तीचं सातत्य स्मृती, चारित्र्य आणि नात्यांत आहे, देह बदलला तरी चालेल, असं म्हटलं, की मग ती मांडणी दुसऱ्या वस्तूत ठेवायला हरकत कोणती? पुनरुत्थानात देव करतो ते आणि प्रयोगशाळेत अभियंता करतो ते, यांत फरक कर्त्याचा उरतो, कृतीचा नाही. पीटर व्हॅन इनवेगन यांनी १९७८ सालीच हा आक्षेप पुनरुत्थानाच्या बाबतीत घेतला होता. जळून गेलेली हस्तलिखित पोथी देवाने अक्षरशः तशीच पुन्हा निर्माण केली, तरी ती मूळ लेखकाच्या हातची पोथी होत नाही. हे उत्तर चुकवता येत नाही, आणि मर्फींच्या पुस्तकात ते चुकवलंय असं आमचं मत आहे. थॉमसचा नकाशा इथे मधल्या जागी बसतो. आकार हा याच देहाचा आकार आहे, मांडणीसारखा उचलून दुसरीकडे नेण्याजोगा नाही.

दुसरी परीक्षा गोळीची. ही कल्पनेतली नाही, आज घडणारी आहे. कंपवातावर डोपामीनचं काम करणारी काही औषधं दिली जातात. काही रुग्णांमध्ये त्यांचा एक दुष्परिणाम नोंदला गेला आहे: आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस जुगार खेळायला लागतो. औषध बंद केलं, डोस कमी केला, की बऱ्याचदा ती ओढ ओसरते. आता सांगा, तो जुगार कुणाचा? आत्म्याचा की गोळीचा? कबुलीला बसलेल्या धर्मगुरूने त्याला काय सांगायचं? इथे द्वैतवादी अडखळतो. आत्म्याचा आणि मेंदूचा परस्परांवर परिणाम होतो, हे तो मान्य करतो. पण ज्या आत्म्याचा स्वभाव काही मिलिग्रॅमनी बदलतो, तो शुद्ध आणि वेगळा आहे या म्हणण्यात धीर देण्यासारखं फारसं उरत नाही.

याची उलट बाजू अधिक नाजूक आहे. गोळीने जुगारी होता येतं, तर गोळीने दयाळू का होऊ नये? इंग्मार पर्सन आणि जुलियन सावुलेस्कू यांनी २०१२ साली एका पुस्तकात नेमकं हेच मांडलं. माणसाची नैतिकता त्याच्या हातातल्या शस्त्रांपेक्षा फार मागे पडली आहे, तेव्हा नैतिक क्षमताही जैविक मार्गाने वाढवायचा विचार व्हावा. यावर ख्रिस्ती लेखकांची नेहमीची हरकत अशी असते, की न कमावलेला सद्गुण हा सद्गुणच नव्हे. वाचायला छान वाटतं. पण अहो, ही हरकत घ्यायला सर्वांत कमी अधिकार कुणाला असेल तर ख्रिस्ती परंपरेला! माणूस स्वतःच्या प्रयत्नाने चांगला होऊ शकतो असं पेलागियस म्हणाला, आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ते मत त्याज्य ठरवलं. ऑगस्टीनच्या आयुष्याची अखेरची वर्षं त्या वादात गेली. थॉमस सांगतो की श्रद्धा, आशा आणि प्रीती हे सर्वोच्च सद्गुण सरावाने येत नाहीत, ईश्वर ते आत ओततो. म्हणजे सर्वोच्च सद्गुण न कमावलेलेच! मग ओतलेली प्रीती चालते आणि गिळलेली चालत नाही, हे कशावरून?

उत्तर आहे, पण ते 'कमावलं की नाही' या दिशेला नाही. कृपा ही कुणीतरी कुणाला तरी दिलेली असते. तिच्यात हाक आहे, आणि हाकेला ओ देणं किंवा न देणं आहे. गोळी हाक मारत नाही. ती परिणाम घडवते. थॉमस तर देहाच्या उपायांना मुळीच नाकं मुरडत नाही; दुःखावरचे उपाय सांगताना त्याने झोप आणि स्नान यांनाही जागा दिली आहे. तेव्हा निराशेने खचलेल्या माणसाने औषध घेतलं म्हणून आत्म्याला बाध येतो असं म्हणणाऱ्याने थॉमस वाचलेला नाही. पण मूल जन्मायच्या आधीच त्याचा स्वभाव आईबापांनी किंवा सरकारने ठरवून ठेवला, तर त्याला ओ द्यायची संधीच कुणी दिली? चीनमध्ये २०१८ साली हे च्यानकुइ या संशोधकाने भ्रूणावस्थेतच जनुकं बदललेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली. तो बदल एचआयव्हीपासून संरक्षणासाठी होता, स्वभावासाठी नाही. तरीही जग हादरलं. कॅथलिक चर्चने २००८च्या 'दिग्नितास पर्सोने' या सूचनापत्रात उपचाराव्यतिरिक्त हेतूने केलेली जनुकीय अभियांत्रिकी नाकारली, त्यामागची एक चिंता अशी होती, की यातून काही माणसं इतर माणसांवर वर्चस्व गाजवतील. आम्हाला ही चिंता त्या कागदातली सर्वांत बळकट जागा वाटते.

तिसरी परीक्षा विसरण्याची, आणि आमच्या मते खरी कसोटी हीच. स्मृतिभ्रंश झालेली एक आई घ्या. मुलाचं नाव गेलं, देवाचं नाव गेलं, चमचा कशासाठी असतो तेही गेलं. आता आत्मा म्हणजे उंचावरच्या क्षमता असं म्हटलं असेल, तर प्रामाणिकपणे विचारा, या बाईचा आत्मा किती उरला? आणि त्याच मापाने, उद्या दुप्पट स्मृती आणि चौपट बुद्धी घेऊन कुणी आला, तर त्याचा आत्मा मोठा म्हणायचा का? माप एकदा स्वीकारलं की ते दोन्ही बाजूंना चालतं. मर्फींवर अन्याय नको. त्या ईश्वराशी असलेल्या नात्याला या यादीत महत्त्वाचं स्थान देतात. पण नातंसुद्धा त्या माणसाची क्षमता म्हणूनच मोजणार असाल, तर आईची सुटका होत नाही.

अॅबर्डीनचे जॉन स्विंटन यांनी २०१२ साली स्मृतिभ्रंशावर एक पुस्तक लिहिलं. आधी ते परिचारक होते, नंतर धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: माणूस माणूस असतो तो त्याला काय आठवतं यामुळे नाही, त्याला कोण आठवतं यामुळे. आईला देव आठवत नसेल, देवाला आई आठवते. इथे क्षमतेचं माप गळून पडतं. फार मोलाची गोष्ट आहे ही. पण टीकाकार म्हणून आम्हाला तिथेच थांबता येणार नाही. नुसतं देवाच्या स्मरणात असणं पुरेसं असेल, तर व्हॅन इनवेगनची जळकी पोथी पुन्हा पुढे येते. आठवण ही माणूस नव्हे. शिवाय जो देव मानत नाही त्याला या उत्तराचा काय उपयोग?

दोन्ही प्रश्नांना जोडून उत्तर द्यावं लागेल, आणि त्याचे दोन धागे परंपरेतच आहेत. पहिला थॉमसचा. ही आई जोवर जिवंत देह आहे, तोवर तिचा आत्मा पूर्ण आहे. आकार हा असतो किंवा नसतो, तो निम्मा नसतो. चमच्याची ओळख गेली, आई गेली नाही. दुसरा धागा चौथ्या शतकातल्या ग्रेगरी ऑफ निसाचा. उपदेशक या ग्रंथावरच्या चौथ्या प्रवचनात त्याने गुलामगिरीवर असा हल्ला केला, की प्राचीन जगात त्याला तोड सापडणं कठीण. तुम्ही माणूस विकत घेतलात, पण देवाची प्रतिमा असलेल्याची किंमत किती नाणी ठरवलीत, असा त्याच्या प्रश्नाचा आशय. त्याने गुलामाची बुद्धी मोजली नाही, उपयोग मोजला नाही. जे बाजारात ठेवता येत नाही, त्याला त्याने प्रतिमा म्हटलं. आणि क्षमतावर्धन ही, मित्रहो, शेवटी विकत मिळणारी गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र परंपरेच्या विरुद्धही सांगायला हवी. परंपरेला सुधारलेल्या देहाचा मोह नव्हता असं नाही. ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात लिहिलंय की अर्भकं मेली तरी पुनरुत्थानात ती प्रौढ देहाने उठतील, व्यंगं नाहीशी होतील. क्षमतावर्धनाच्या जाहिरातीत शोभेल असंच हे चित्र! पण तिथेच तो हौतात्म्य पत्करलेल्यांच्या जखमांपाशी थबकतो. त्या खुणा राहतील, आणि त्या व्यंग वाटणार नाहीत, असं तो म्हणतो. कारण त्याच्यासमोर योहानाच्या शुभवर्तमानातला येशू आहे, जो उठल्यावरही हातांच्या जखमा दाखवतो. नॅन्सी आइसलँड या स्वतः अपंगत्वासह जगलेल्या अभ्यासिकेने १९९४ साली हा धागा पुढे नेला आणि विचारलं, उठलेल्या देहावरही खुणा आहेत, तर आमच्या देहांना 'दुरुस्त करायचा माल' कुणी ठरवलं? ऑगस्टीनने अर्ध्यावर सोडलेलं वाक्य आइसलँडनी पुरं केलं, असं आम्ही म्हणू.

आता या सगळ्याचं सार. ख्रिस्ती विचारवंतांनी गेली काही दशकं एक प्रश्न धरून ठेवला आहे: माणसाचा असा कोणता भाग आहे, जिथे तंत्रज्ञानाचा हात पोचणार नाही? हा प्रश्न हरण्यासाठीच आहे. आज एक भाग दाखवाल, उद्या तिथे इलेक्ट्रोड पोचेल. आणि हरल्यावर आत्मा संपला असं जाहीर करायलाही लोक तयार बसलेलेच आहेत. आत्मा हा तंत्रज्ञानापासून लपवलेला कोपरा नाही. ज्यात कमी-जास्त होत नाही असं जे अख्ख्या माणसात आहे, त्याला आत्मा म्हणायचं, असं या परंपरेच्या बळकट जागा वाचल्यावर आम्हाला वाटतं. ऐकू यावं म्हणून कानात यंत्र बसवलं, आत्मा वाढला नाही. स्मृती गेली, आत्मा घटला नाही. म्हणूनच क्षमतावर्धनाला घाबरून सरसकट नकार द्यायचं कारण नाही, आणि त्याच्याकडून मोक्षाची अपेक्षा करायचंही कारण नाही.

श्रद्धा नसलेल्या श्रोत्यासाठीही यात काही उरतं का? आम्हाला वाटतं, उरतं. 'देवाची प्रतिमा' हा शब्द तुम्ही बाजूला ठेवा, हवा तर. पण मग माणसाची किंमत त्याच्या क्षमतेवर ठरत नाही, हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगणार, याचा शोध तुम्हाला घ्यावाच लागेल. उद्या एखाद्या वर्गात निम्मी मुलं वाढीव स्मरणशक्तीची आणि निम्मी साधी बसली असतील, तेव्हा मागच्या बाकावरच्या साध्या मुलाकडे बघताना शिक्षकाची नजर कशी असेल? त्या नजरेत काय असायला हवं ते ज्याला सांगता येईल, त्याला आत्म्याबद्दल बरंच काही कळलं आहे, मग तो शब्द त्याने वापरो वा न वापरो.

इथेच थांबू. प्रश्न आणि आक्षेप यांचं स्वागत आहे, विशेषतः आक्षेपांचं.